सगळ्यांना सारखा आवाज

पाणीसाहेबांना गाण्यातलं फारसं कळत नव्हतं, पण न्यायातलं कळत होतं. पाणीपुरवठा खात्यात त्यांची हयात गेली होती, आणि टेकाडावरच्या घरांत थेंबथेंब अन् उतारावरच्या घरांत कारंजं हा प्रकार त्यांनी कधी चालू दिला नाही. इकडे व्हॉल्व्ह आवळायचा, तिकडे पंप बसवायचा, की दोघांचीही बादली एकाच वेळी भरते. खालून थोड्या शिव्या येतात, वरून थोडे आशीर्वाद. फिटंफाट होते. निवृत्तीनंतर मात्र त्यांच्या हाताखाली एकही व्हॉल्व्ह उरला नाही. घरात दाब जास्त असलेली एकच जागा होती, आणि तिथे व्हॉल्व्ह बसवायची त्यांची छाती नव्हती.

म्हणून ते गाण्याच्या मंडळात गेले. जाताना बायकोलाही घेऊन गेले. ती गात नव्हती, पण शनिवारी संध्याकाळी घरी एकटीने बसून करायचं काय, हा तिचा प्रश्न बिनतोड होता.

मंडळ भरायचं फरशीच्या एका मोठ्या शोरूमवरच्या हॉलमध्ये. शोरूमच्या मालकीणबाई, म्हणजे फरशीवाल्या वहिनी, मंडळाच्या सभासद होत्या, त्यामुळे हॉलला भाडं नव्हतं. सभासद चाळीसेक. बहुतेकांची नोकरी संपलेली, मुलं लांब गेलेली आणि गळा नुकताच सापडलेला. कराओकेचा ट्रॅक लावायचा, माइक धरायचा, एक गाणं म्हणायचं, टाळ्या घ्यायच्या आणि खाली बसून पुढच्या पाळीची वाट बघायची. दुसऱ्याचं गाणं चालू असताना शांत बसून ऐकायचं, असा नियम होता. तो सेक्रेटरींनी केला होता. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, म्हणून त्यांना सगळे हेडबाई म्हणत. नियम करणं आणि तो पाळला जात नाही हे बघणं, या दोन्हींची त्यांना जुनी सवय होती.

पाणीसाहेबांकडे रेकॉर्डिंगचं काम आपसूक आलं. त्यांनी काडेपेटीएवढा एक रेकॉर्डर आणला. टेबलावर ठेवला तर टेबल हलतं, स्टँडवर ठेवला तर जमिनीची थरथर येते, अशी त्यांची खात्री असल्यामुळे ते तो स्वतःच्या मांडीवर घेऊन बसत. तिसऱ्या रांगेत मधोमध. डावीकडे बायको, उजवीकडे हेडबाई. घरी गेल्यावर सगळी गाणी कॉम्प्युटरवर चढवायची, नाव घालायचं, तारीख घालायची, बंद करायचं. दहा वर्षांत हजारो गाणी साठली. ती कधी कुणी ऐकली, असं कानावर आलं नव्हतं.

मंडळाला दहा वर्षं होणार तेव्हा हेडबाईंनी ठरवलं की प्रत्येक सभासदाला सगळी गाणी पेन ड्राइव्हवर भरून द्यायची, आणि समारंभात त्यातली निवडक गाणी हॉलच्या स्पीकरवर ऐकवायची. नमुन्यादाखल चारदोन जणांना आधी दिली. पुढच्याच बैठकीत तक्रार आली.

"माझं गाणं लावलं की घरातले म्हणतात, पेन ड्राइव्ह खराब आहे," फरशीवाल्या वहिनी म्हणाल्या. त्यांचं बोलणंही इतकं हळू, की समोरच्याची मान आपोआप पुढे यायची. "मग ह्यांनी आवाज पूर्ण वाढवला. तेवढ्यात माझं संपलं आणि भोंगाबुवांचं सुरू झालं. सासूबाईंच्या हातातली बशी फुटली."

"म्हाताऱ्या बाईंनाही ठेका धरावासा वाटला असेल!" भोंगाबुवा म्हणाले. यंत्रमागांच्या खटखटाटात त्यांची नोकरी झाली होती. तिथे शेजाऱ्याला किती वाजले हे विचारायचं तरी बोंब मारावी लागे. मागावरून उतरून वर्षं झाली, पण घसा अजून कामावरच होता. भोंगा हे नाव त्यांचं त्यांनीच लावून घेतलं होतं.

"हसण्यावारी नेऊ नका," वहिनी म्हणाल्या. "मी पण गातेच ना?"

ते 'पण' पाणीसाहेबांच्या काळजाला लागलं. टेकाडावरच्या बायका रिकाम्या बादल्या घेऊन ऑफिसात यायच्या तेव्हा अशाच बोलायच्या. ते उठून उभे राहिले.

"हा दाबाचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "माझ्यावर सोपवा. या मंडळात सगळ्यांना सारखा आवाज मिळेल."

घरी जाऊन ते कामाला लागले. प्रत्येक गाण्यातला सगळ्यांत मोठा आवाज शोधून तो एका रेषेला आणून ठेवणारा एक प्रोग्राम त्यांना सापडला. दुपारभर तो चालवला. भोंगाबुवा होते तिथेच राहिले आणि वहिनीही होत्या तिथेच राहिल्या. साहेबांनी डोकं खाजवलं, एक गाणं उघडून त्याचा आलेख बघितला, तेव्हा उलगडा झाला. वहिनींचं गाणं गवतासारखं बारीक होतं आणि शेवटी एक ताडाचं झाड उभं होतं. ती टाळी होती. मांडीवर रेकॉर्डर ठेवून साहेबांनी स्वतः वाजवलेली. कॉम्प्युटर म्हणत होता, एवढा मोठा आवाज आहे की यात, अजून काय वाढवू?

"एवढ्या जोरात टाळी कशाला वाजवता?" बायकोने मागून वाकून बघत विचारलं.

"उत्तेजन म्हणून."

"मला वाटलं, संपल्याच्या आनंदात."

साहेबांनी दुसरा मार्ग धरला. टाळी, खोकला, माइकवर मारलेली टिचकी सोडून द्यायची. सबंध गाणं माणसाच्या कानाला सरासरी किती मोठं लागतं ते मोजायचं आणि ती सरासरी सगळ्यांची सारखी करायची. टाळी छपराबाहेर जायला लागली तर तिला वरून दाबायचं. हा प्रोग्राम जरा हट्टी होता, पण अखेर वठणीवर आला. भोंगाबुवांना त्याने निम्म्याहून खाली आणलं. वहिनींना मात्र असं काही उचललं, की आकडा बघून साहेबांना एक जुनी पाण्याची टाकी आठवली. तिला वर पाणी चढवायला एकाऐवजी तीन पंप लागले होते.

पडद्यावर आता एकाखाली एक गाणी होती आणि प्रत्येकासमोर एकच आकडा. त्या रांगेकडे ते बराच वेळ बघत बसले. नोकरीत कधी इतका निर्मळ न्याय त्यांच्या हातून झाला नव्हता.

"सगळी ऐकून बघितलीत?" बायकोने विचारलं.

"दोघांची सुरुवात ऐकली. एकदम सारखी."

"आणि बाकीची?"

"अगं, पाईप टाकल्यावर इंजिनिअर घरोघरी जाऊन पाणी पीत नाही. दाब बघतो. हे बघ आकडे."

बायकोने आकडे बघितले. त्यात काहीच वावगं नव्हतं.

समारंभाला झाडून सगळे आले. दारातच प्रत्येकाला छोट्या पाकिटातून पेन ड्राइव्ह मिळाला. फरशीवाले स्वतः दहा वर्षांत पहिल्यांदा जिना चढून आले आणि पहिल्या रांगेत वहिनींशेजारी बसले. हेडबाईंनी भाषण केलं. या मंडळात कुणी लहान नाही, कुणी मोठं नाही, असं त्या दरवर्षीच म्हणत. या वर्षी ते खरं आहे, असं त्या पुढे म्हणाल्या आणि पाणीसाहेबांकडे हात केला. साहेब लॅपटॉपपाशी उभे होते. त्यांनी मान झुकवली.

पहिलं गाणं भोंगाबुवांचं लागलं. ते नीटनेटकं, बेताच्या आवाजात सुरू झालं आणि तसंच चालू राहिलं. कुणीतरी शेजाऱ्याला विचारलं, "बुवांना त्या दिवशी बरं नव्हतं का?"

"हा मी नाही!" भोंगाबुवा उठून म्हणाले, आणि ते स्पीकरपेक्षा जास्त ऐकू गेलं.

"तुम्हीच आहात," साहेब समजुतीने म्हणाले. "फक्त प्रमाणात आहात."

मग वहिनींचं गाणं लागलं. आधी हॉलचा पंखा आला, विमान उतरल्यासारखा. मागोमाग खुर्ची सरकली आणि दोनतीन जणांनी दचकून पायाखाली बघितलं. मग वहिनींचा आवाज आला. स्वच्छ, भरघोस, सगळ्या हॉलभर. लोकांनी एकमेकांकडे बघून भुवया उंचावल्या. वहिनी खुर्चीत सरळ झाल्या. हॉलमध्ये आपला स्वतःचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेलेला त्या प्रथमच ऐकत होत्या. पाणीसाहेबांना भरून आलं.

ते गाणं कसं झालं होतं, हे आज कुणालाच सांगता येत नाही. कारण पहिलं कडवं संपलं, मध्ये नुसत्या वाद्यांचा तुकडा सुरू झाला आणि स्पीकरमधून पाणीसाहेबांचा आवाज आला, अगदी कानाशी बोलल्यासारखा.

"संपलं का?"

"नाही हो. श्वास घेतायत." हा त्यांच्या बायकोचा.

"अजून किती कडवी?"

"दोन."

"हॉल फुकट आहे म्हणून ऐकायचं. भाडं असतं तर बाई एका कडव्यात आटोपल्या असत्या."

"शू! हळू बोला, रेकॉर्ड होतंय." या हेडबाई होत्या. त्यांचा आवाज ओळखायला चाळीसांतल्या एकालाही कष्ट पडले नाहीत.

"अहो, त्यांचाच येत नाही त्यात, आपला कुठला येतोय!" पुन्हा साहेब.

आणि मग तिघांचं हसू आलं. नाकातलं, दाबलेलं. पण न्याय सगळ्यांना सारखाच मिळाला होता, त्यामुळे ते हॉलच्या दोन्ही स्पीकरमधून घोडे शिंकल्यासारखं बाहेर पडलं.

पाणीसाहेब लॅपटॉपवर झेपावले. घाईत भलतीच कळ दाबली गेली. गाणं थोडं मागे गेलं, वाद्यांचा तुकडा पुन्हा सुरू झाला, आणि साहेबांनी सगळ्या हॉलला दुसऱ्यांदा विचारलं, "संपलं का?"

सगळ्यांच्या नजरा पहिल्या रांगेत फरशीवाल्यांच्या खुर्चीकडे गेल्या. हॉल त्यांचा होता. खुर्ची रिकामी होती. वहिनींचं गाणं लागल्याबरोबर त्यांना एक फोन आला होता आणि ते जिन्यात उभे राहून कुणालातरी स्वयंपाकघराच्या भिंतीचं माप समजावत होते. साहेबांनी अखेर गाणं थांबवलं. हॉलमध्ये आता फक्त खरा पंखा फिरत होता.

तेवढ्यात वहिनी काहीतरी बोलल्या. चाळीस माणसं एका वेळी पुढे झुकली.

"बंद का केलंत? तिसरं कडवं राहिलंय."

साहेबांनी गाणं पुढे लावलं. दुसरं कडवं झालं, तिसरं झालं. मंडळाच्या इतिहासात इतक्या शांततेत कुणाचं गाणं पार पडलं नव्हतं. मात्र ते ऐकत कुणीच नव्हतं. दहा वर्षांत कुणाच्या गाण्यात आपण काय बोललो, हे जो तो आठवत होता.

कार्यक्रम आवरता घेतला गेला. चहा झाला, बिस्किटं तशीच राहिली. हेडबाई दारात उभ्या राहिल्या आणि प्रत्येकाला म्हणू लागल्या, "पेन ड्राइव्हमध्ये तांत्रिक दोष निघालाय. परत करा, दुरुस्त करून देऊ." लोक 'हो, हो' म्हणत खिशावर हात ठेवून जिना उतरले. पुढच्या आठवड्यात दोन पेन ड्राइव्ह परत आले. दोन्ही कॉपी करून घेतलेले होते.

दहा वर्षं ज्या गाण्यांकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं, ती आता घरोघरी हेडफोन लावून ऐकली जाऊ लागली. गाणं सुरू झालं की लोक कंटाळून बसायचे आणि वाद्यांचा तुकडा आला की सरसावून बसायचे. फोन घणघणू लागले. रोज सकाळी बरोबर फिरायला जाणाऱ्या दोन मैत्रिणी वेगवेगळ्या रस्त्यांनी जाऊ लागल्या. एक गृहस्थ हेडबाईंकडे निराळीच तक्रार घेऊन आले. त्यांच्या एकाही गाण्यात कुणी एक अक्षर बोललेलं नव्हतं. "टीका करण्याइतकीही आमची लायकी नाही का?" असं त्यांनी विचारलं. हेडबाई स्वतःच्या बचावात गुंतल्या होत्या. "मी 'हळू बोला' म्हणाले. मी शिस्त लावत होते," असं त्या सांगत. मग हसलं कोण, असं विचारलं की त्यांना दुसरा फोन येत असे.

भोंगाबुवा तर साहेबांच्या घरीच आले. "माझ्या गाण्यात काहीच ऐकू येत नाही! सगळी ऐकली. कुणी काही बोललंच नाही का?"

"बोललं असेल," साहेबांची बायको म्हणाली. "पण तुमच्या आवाजाखाली कोण सापडणार? हत्तीखाली मुंगी."

बुवांना हे कौतुक वाटलं. ते खुशीत घरी गेले.

साहेबांना मात्र अन्न गोड लागेना. "तू म्हणालीस, 'श्वास घेतायत'," त्यांनी बायकोला सुनावलं.

"घेतच होत्या. मी खरं तेच बोलले. भाड्याचं तुम्ही बोललात."

"मग आता काय करू?"

"जा आणि माफी मागा. आणि तिथे न्यायाबद्दल बोलू नका."

साहेब गेले. शोरूममध्ये गिऱ्हाईक नव्हतं. भिंतींना टेकून फरश्यांचे नमुने उभे होते आणि वहिनी फडक्याने एकेक पुसत होत्या. साहेबांनी घरून वाक्य जुळवून आणलं होतं, ते दुसऱ्या शब्दाला अडकलं.

"वहिनी, त्या दिवशी जे झालं... म्हणजे, बोललो ते फार वर्षांपूर्वी बोललो होतो..."

"सात वर्षांपूर्वी," वहिनी म्हणाल्या. "गाण्यावर तारीख घातलीय तुम्ही. बसा."

साहेब फरश्यांच्या खोक्यावर बसले.

"मला राग आला नाही, असं म्हणणार नाही," वहिनी म्हणाल्या. फडकं चालूच होतं. "पण नवीन काय कळलं? हॉल फुकट आहे म्हणून तुम्ही सगळे ऐकता, हे मला माहीत आहे. ह्यांना तो भाड्याने द्यायचा होता. मीच म्हटलं, राहू दे, मंडळाला देऊ. लोकांनी ऐकावं म्हणूनच दिला."

साहेबांनी खाली बघितलं. फरशीवर त्यांचं तोंड दिसत होतं.

"एक सांगा मला," वहिनी म्हणाल्या. "तिसऱ्या कडव्यात वरचा सूर आहे. तो लागलाय का?"

साहेबांनी जवळची एक फरशी सरळ केली.

"तुम्हीच आवाज वाढवलात ना? मग ऐकलंच असेल."

"ऐकलं नाही," साहेब म्हणाले. हे माफी मागण्यापेक्षा अवघड गेलं. "सुरुवात ऐकली. बाकी आकडे बघितले."

"कुठलंच गाणं पुरं नाही?"

"कुठलंच नाही."

वहिनींनी फडकं थांबवलं. त्यांना पहिल्यांदाच हसू आलं, आणि ते चांगलं मोकळं होतं. "म्हणजे दहा वर्षं तुम्ही गाणी जमवलीत आणि एकही ऐकलं नाहीत? बरं, आता ऐका. माझी. आणि मग सांगा."

साहेबांनी दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर हेडफोन चढवले आणि वहिनींची सगळी गाणी ओळीने ऐकायला घेतली. दोन दिवस हेच चाललं. पहिल्यापहिल्यांदा त्यांना मधल्या जागांमधली स्वतःची बडबडच ऐकू यायची. पंख्याबद्दलची, चहाबद्दलची, एकदा तर बायकोशी भोपळ्यावरून झालेलं भांडण. नंतर ते आवाज मागे पडले आणि गाणं पुढे आलं. वहिनींचा आवाज गोड होता. शब्द स्वच्छ होते. सुरुवात नेहमी बरोबर व्हायची, मधला भाग तर सुरेख. पण गाणं वर चढायला लागलं, की साहेब खुर्चीच्या कडेवर यायचे. टेकाडाच्या शेवटच्या घराआधी पाणी थांबायचं, तसा तो सूर प्रत्येक वेळी थोडा खाली थांबायचा. गाण्यातलं काही कळत नसूनही त्यांना ते कळलं. पंप तेवढा एकच कमी पडत होता.

"लागला म्हणून सांगा आणि सुटा," बायको म्हणाली. "त्यांनाही बरं वाटेल."

साहेबांना हे पटलं. त्यांनी शोरूममध्ये पाऊल टाकल्या टाकल्या सांगून टाकलं, "लागलाय, वहिनी. मस्त लागलाय."

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. "साहेब, हेडफोन माझ्याकडे पण आहेत."

साहेबांनी खुर्ची ओढली. "थोडा राहिलाय."

"किती?"

साहेबांनी बोट आणि अंगठा यांच्यात अंतर धरून दाखवलं. फरशीच्या सांध्याएवढं.

"खाली?"

"खाली."

"दर वेळी?"

"दर वेळी."

वहिनींनी स्वतःच्या बोटांत तेवढंच अंतर धरून बघितलं. मग म्हणाल्या, "दहा वर्षं गातेय मी. एकानेही सांगितलं नाही. का, हो?"

"वहिनी, त्याचं असं आहे, हॉल..."

"फुकट आहे म्हणून," वहिनींनीच वाक्य पुरं केलं.

बाहेरून एक जोडपं न्हाणीघराच्या फरश्या बघायला आत आलं. वहिनी उठता उठता म्हणाल्या, "शनिवारी माझ्या समोर बसा. त्या जागेला मी तुमच्याकडे बघेन. नाही लागला तर मान हलवा. नुसती मान. बोलू नका, तुमचं बोलणं फार लांब जातं."

शनिवारी मंडळ भरेल की नाही, याची हेडबाईंना धास्ती होती. पण सगळे आले. दहा मिनिटं आधीच आले, आणि तिसऱ्या रांगेतल्या मधल्या जागांसाठी जवळजवळ ढकलाढकली झाली. पाणीसाहेब पहिल्या रांगेत गेले होते. मांडीचा भरवसा उरला नसल्याने हेडबाईंनी रेकॉर्डर एका स्टुलावर ठेवला होता आणि स्टूल हॉलच्या मध्यावर.

भोंगाबुवांनी पहिलं गाणं म्हटलं. आवाज दहा वर्षं होता तेवढाच. कुणी तक्रार केली नाही.

मग वहिनी उभ्या राहिल्या. ट्रॅक सुरू झाला, त्यांनी पहिली ओळ म्हटली, आणि स्टुलाशेजारचे एक गृहस्थ रेकॉर्डरकडे वाकून कुजबुजले, "वा! काय गोडवा आहे!" लगेच दुसऱ्या बाजूने एक बाई वाकल्या. "ऐकत राहावंसं वाटतं, नाही?" मागच्या रांगेतून एकजण उठून पुढे आले, स्टुलापाशी थांबले, "अप्रतिम" म्हणाले, आपलं नावही हळूच सांगितलं आणि जागेवर गेले. हेडबाई स्वतः दोनदा वाकल्या. कडवं संपेपर्यंत स्टुलाभोवती एवढी कुजबुज जमली, की वहिनींना ट्रॅकचा ठेका ऐकू येईना.

त्या थांबल्या. माइक खाली ठेवून स्टुलापाशी आल्या, रेकॉर्डर उचलला, बंद केला आणि पर्समध्ये टाकला.

"पहिल्यापासून घेते," त्या म्हणाल्या.

ट्रॅक पुन्हा सुरू झाला. पहिल्या ओळीला हॉल शांत होता. दुसऱ्या ओळीला मागे कुणीतरी कुणाला दाढ कुठे काढलीस असं विचारलं, आणि उत्तर बऱ्यापैकी सविस्तर आलं. साहेबांच्या बायकोने हेडबाईंना बिस्किटांचा पुडा दिला. खुर्च्या सरकल्या. वहिनींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. या आवाजात गायची त्यांना सवय होती.

समोरच्या खुर्चीत पाणीसाहेब रिकामे हात मांडीवर ठेवून बसले होते आणि ऐकत होते. दुसरं कडवं झालं, वाद्यांचा तुकडा झाला. तिसऱ्या कडव्यात गाणं चढायला लागलं. वहिनींनी डोळे मिटले, वरच्या सुरापर्यंत गेल्या आणि डोळे उघडून साहेबांकडे बघितलं.

साहेबांनी मान हलवली. नाही.

वहिनींनी ट्रॅक थांबवायची खूण केली, घोटभर पाणी प्यायल्या आणि तीच ओळ पुन्हा घेतली.